पदरांनी दाखवलेला वारा

आमच्या घरात चमत्कार मानत नाहीत. वडील मुखेडला शाळेत शिपाई होते; रोज सकाळी ते बुद्धापुढे त्रिसरण म्हणायचे आणि मलाही म्हणायला लावायचे. शरण जातो, शरण जातो असं म्हणतच मी मोठा झालो, पण शरण जायचं म्हणजे नेमकं करायचं काय, हे मला काही केल्या उमजत नसे. हात जोडून गप्प बसायचं? तशी गप्प बसलेली माणसं आमच्याकडे काय कमी होती? वडिलांना विचारलं की ते म्हणायचे, आधी म्हण, कळेल मागाहून. पुढे जे घडलं ते जसं घडलं तसं सांगतो, त्याला नाव ज्याचं त्याने द्यावं.

लातूरचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस आमच्यावर रुसून बसला होता. मी तिथे दुष्काळी कामावर रोजंदारीचा हजेरी कारकून होतो. एक दिवस हुकूम आला की पाहणीसाठी मोठे अधिकारी लहान विमानाने येणार आहेत, गावाबाहेरची मुरमाची धावपट्टी तयार ठेवा. धावपट्टी तयार करतात कशी, हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. पाहुणा येणार म्हटल्यावर आपण अंगण झाडतो, तशी मी कामावरच्या बायांकडून खराट्यांनी सगळी पट्टी झाडून घेतली. इतकी झाडली की दबून बसलेला मुरूमही सुटा झाला. कडेने फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या आणि स्वतःवरच खूश झालो. आता सडा तेवढा राहिला होता, त्यासाठी टँकर मागवला होता.

टँकर आला तसे खराटे थांबले. बाया कामावर येताना रोज घागर घेऊन यायच्या, वाटेत कुठे पाणी दिसलं तर असावी म्हणून. कोणी काही मागितलं नाही. त्यांची मुकादम गयाबाई तेवढी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, चार दिस झाले, वस्तीवर प्यायला पाणी न्हाई. आन् हितं मातीला पाजून राहिलो आपण."

वारा पडलेला होता. धुरळा कशाला उठतोय, असं मी मनाला समजावलं आणि घागरी भरून घ्या म्हणालो. घटकाभरात टँकर रिकामा झाला. डोक्यावर घागरी घेऊन बाया रांगेने वस्तीच्या वाटेला लागल्या. साहेबांनी विचारलं तर बघू, म्हणून मी हजेरीच्या पुस्तकात डोकं घातलं.

आणि वारा उठला. आम्ही झाडून मोकळी केलेली माती गरगरत वर चढू लागली. दिशा कळावी म्हणून उंच काठीवर बांधलेली कापडी नळी काठीलाच गुंडाळली गेली. विमान जिथून निघालं त्या नांदेडकडेही वादळ आहे, असं पोलिसांच्या वायरलेसवर कळलं होतं; म्हणजे विमानाला परतायची वाट नव्हती. आमचे उपअभियंता साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "पाणी मारलं होतं ना?" तेवढ्यात घरघर ऐकू आली. त्या विमानात चार माणसं होती आणि त्यांचं पाणी मी वाटून टाकलं होतं. त्रिसरण आपोआप ओठांवर आलं, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच ते पाठांतर नव्हतं.

विमान पट्टीवरून गेलं, वळलं आणि कुठल्या कुठे, वस्तीच्या वाटेकडे खाली झुकलं. वाट चुकलं, संपलं, असं मला वाटलं. पण ते पुन्हा वर आलं आणि पट्टीकडे निघालं, तेही सरळ नाही, तिरपं. नाक एकीकडे, चाल दुसरीकडे, आणि तरी येत होतं बरोबर दोन रेघांच्या मधून. जमिनीपासून हातभर राहिलं तेव्हा नाक अलगद सरळ झालं. आधी एक चाक टेकलं, मग दुसरं. झोपलेलं लेकरू आई खाली ठेवते ना, तसं वैमानिकाने ते यंत्र मातीवर ठेवलं. माणसाच्या हातात एवढी कला असू शकते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं आणि ढसाढसा रडलो.

वैमानिक उतरला. चष्मा लावलेला, किडकिडीत, शाळामास्तर वाटावा असा माणूस. मी त्याच्यासमोर आणि साहेबांसमोर सगळं कबूल केलं. साहेब लाल झाले. वैमानिक मात्र माझ्याकडे बघत राहिला.

"त्या घागरीवाल्या बाया तुम्ही पाठवल्या होत्या?" तो म्हणाला. "धूळ नुसती गोल फिरत होती, वारा कुठून येतोय तेच कळेना. त्यांचे दोन्ही हात घागरीला, सुटलेले पदर आवरता येत नव्हते. सगळे पदर एकाच बाजूला उडत होते. ते जवळून पाहिले आणि मग वळलो."

मी धीर करून विचारलं, एवढ्या वाऱ्यात तुम्ही करता तरी काय? तो चष्मा पुसत म्हणाला, "वाऱ्याशी भांडायचं नाही. तो जेवढं तिरपं व्हायला लावील तेवढं व्हायचं. नजर रेघेवर ठेवायची, आणि हात सोडायचे नाहीत."

संध्याकाळी वस्तीवर गेलो. गयाबाईला म्हणालो, मावशी, आज तुमच्या पदरांनी विमान उतरवलं. तिचा विश्वास बसेना. "आमी तर पदर आवरंना म्हून वाऱ्याला शिव्या देत होतो, दादा," ती म्हणाली आणि त्याच टँकरच्या पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरला.

तो तांब्या मी दोन्ही हातांनी घेतला. वडील तेव्हा हयात नव्हते. कळेल मागाहून, म्हणायचे; ते त्यांचं मागाहून आलं होतं, एवढं त्यांना सांगायचं राहिलं.