ज्योत्स्नाबाई निळ्या उजेडात

नागभीडला रेल्वे फाटकापलीकडे रीताचं ब्यूटी पार्लर आहे. एक खोली, दोन खुर्च्या, आणि दारावर नवरीचा एवढा गोरापान फोटो, की खरी नवरी आत शिरली तर तिला स्वतःचीच लाज वाटावी. त्या खोलीत चैत्रापासून रोज दुपारी एक बाई तोंडावर प्लॅस्टिकचा मुखवटा बांधून वीस मिनिटं आडवी पडायची. मुखवट्याच्या आत बारीक बारीक दिवे होते. रीतानं तो मोबाईलवरून मागवला होता. एका बटणात सात रंग. लाल सुरकुत्यांसाठी, निळा पुटकुळ्यांसाठी, पिवळा लाली कमी करायला, हिरवा डागांवर, असं त्याच्याबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं.

बाईचं नाव ज्योत्स्ना. हे नाव ऐकलं नसेल, तर तुम्ही पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतले नाही एवढाच त्याचा अर्थ. दिवाळी सरून धान घरी आलं की आमच्याकडे गावोगावी नाटकं लागतात, ती थेट होळीपर्यंत. अशा बावीस हंगामांत ज्योत्स्नाबाई नायिका होती. ती रडली की अख्खा शामियाना रडायचा. मंचावर तिचा नवरा झालेली माणसं थकली, त्यांचे दात पडले, काहींनी पानठेले टाकले. ज्योत्स्नाबाई मात्र नायिकाच राहिली. नायिकेचं वय वाढत नाही असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण वाढतं असंही कोणी सांगितलं नव्हतं.

चाळिशी उलटली आणि गालांवर वांग आले. का येणार नाहीत? वर्षानुवर्षं स्वस्तातला पांढरा रंग थापायचा, खोबरेल तेल चोळून पुसायचा, नि पावसाळा आला की दुसऱ्याच्या भाताच्या बांधीत वाकून धानाची रोवणी करायची. मंचावरची राणी चिखलात उभी राहिली म्हणून ऊन काही तिच्यासाठी बाजूला सरकत नाही.

होळीला हंगाम संपला, तेव्हा नाटक मंडळाचा मालक वारलूभाऊ तिला म्हणाला होता, "ज्योत्स्ना, चेहरा सांभाळ वो. आता लोकं मोबाईलवर जवळून पाहतेत." पुढच्या हंगामाचं नवं नाटक तेव्हाच लिहून झालं होतं. त्यात सासरी छळ सोसणारी सून होती. रडण्याच्या तीन जागा, दोन गाणी, शेवटी कोर्टातलं भाषण. बाईला ती सून हवी होती. नुसती हवी नव्हती, त्या सुनेवर तिचा जीव टांगलेला होता. वारलूभाऊच्या बोलण्याचा अर्थ तिनं सरळ लावला. चेहरा सांभाळला तर सून आपली.

म्हणून ती रीताकडे आली. रीता लहानपणी शामियान्यात सगळ्यात पुढे बसून ज्योत्स्नाबाईसोबत हुंदके देऊन रडलेली पोरगी. तिनं बाईकडून एक पैसा घेतला नाही. मुखवटा हातात घेऊन ती म्हणाली, "बाई, तुमच्यासाठी लाल लावू. मंग थोडे दिवस हिरवा."

ज्योत्स्नाबाई ताडकन उठून बसली. "लाल? नोको बापा. लाल नोको."

"काऊन?"

"लाल उजेडात बाई मरते."

आता यात हसण्यासारखं काही नाही. झाडीपट्टीच्या मंचावर दिव्यांची भाषा ठरलेली आहे. खून, आग, फास, सासूनं रॉकेल ओतणं, सगळं लाल दिव्यात. बावीस वर्षांत ज्योत्स्नाबाई लाल उजेडात दोनशे वेळा तरी मेली असेल. हिरव्यात भूत येतं, चेटकीण येते. आणि निळा? निळा म्हणजे चांदणं. निळ्यात ती उभी राहिली की गाणं सुरू व्हायचं, पोरं शिट्ट्या मारायची, नि मागच्या रांगेतली म्हातारी शेजारणीला म्हणायची, "काय गोरी दिसून राह्यली वो!" निळ्यात तिच्या गालांवरचं काहीच दिसत नसे. त्या उजेडानं आपल्याला कधी दगा दिला नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"पण निळा पोरीबारींचा आहे बाई, पुटकुळ्यांसाठी," रीता म्हणाली. "कागदावर तसं लिहून आहे. वांगावर तर..."

"तू मले उजेड शिकवून राह्यली का, रीता?" बाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तू पाळण्यात होती तवापासून मी उजेडात उभी आहो."

रीतानं हात टेकले. निळं बटण दाबलं. कलावंत माणसाच्या तोंडी कोण लागणार?

चैत्र गेला, वैशाख गेला. बाई घरी जाऊन आरशात पाही आणि तिला फरक दिसे. माणसाला जे हवं ते दिसतंच. ती चालता चालता सुनेची भाषणं म्हणायची. आंगणात भांडी घासता घासता कोर्टातला प्रवेश करून टाकायची. शेजारची बुधरी कुंपणावरून विचारायची, "आज कोणावर केस केली वो बाई?" आणि बाई खळखळून हसायची. ते दोन महिने ती सुखात होती, हे खोटं कसं म्हणावं?

आषाढात रोवणी लागली. दिवसभर पाठीवर नि तोंडावर ऊन, मधूनच भुरभुर पाऊस, पुन्हा ऊन. चार वाजता हातपाय धुऊन ती पार्लरात यायची आणि मुखवटा बांधायची. वांग गालांवरून नाकावर उतरले, मग वरच्या ओठावर मिशीसारखी सावली आली. बाई म्हणाली, रोवणीचं ऊन आहे. आणि उपाय काय केला? वीस मिनिटांची चाळीस केली. दोनदा निळा.

श्रावणात रीताच्यानं राहवलं नाही. ती ब्रह्मपुरीला सामान आणायला गेली होती, तिथं चामडीच्या डॉक्टरला विचारून आली. दुसऱ्या दिवशी बाई आडवी झाली, तरी रीतानं बटण दाबलं नाही.

"काय झालं? लाईट गेली का?"

"नाई बाई. डॉक्टर म्हणते, सावळ्या कातडीवर वांग असले का निळा उजेड नाई द्यायचा. वांग अजून काळे पडते." रीताला रडूच आलं. "तुम्ही बंद करा बाई. पाया पडते."

ज्योत्स्नाबाईनं मुखवटा काढला. पार्लरचा आरसा मोठा आणि त्यावरची ट्यूबलाईट पांढरीफटक, काही म्हणजे काही न लपवणारी. त्यात तिनं पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन्ही गाल, नाक, कपाळाच्या कडा, सगळं करपल्यासारखं.

"मले अगोदर काऊन नाई सांगितलं?"

"सांगतच होती बाई. पहिल्याच दिवशी."

बाईनं मुखवटा खुर्चीवर ठेवला आणि पदर तोंडावर ओढून भर गल्लीतून घरी गेली. पंधरा दिवस ती आंगणातसुद्धा आली नाही. संताप कोणावर काढायचा? रीतावर काढता येईना, दिव्यावर काढता येईना. आपण आपल्या हातानं आपलं तोंड जाळलं, आणि तेही ऐटीत, उजेडातलं मला सगळं कळतं म्हणून! हे तिनं स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं की जीभ कडू झाली.

भादव्याच्या शेवटी वडशाहून निरोप आला. पोस्टरचे फोटो काढायचे आहेत, या. वडशाला सगळ्या नाटक मंडळांची ऑफिसं आहेत. ज्योत्स्नाबाई पावडरचा जाड थर देऊन निघाली. बसमध्ये ती एकच गोष्ट मनात घोकत होती. वारलूभाऊ चेहरा पाहून नाही म्हणाला, तर त्याला कोर्टातलं भाषण म्हणून दाखवायचं. सगळं. एका दमात. आवाज तर करपला नाही ना?

ऑफिसात निशा उभी होती, अंगभर शालू, कपाळाला बाशिंग. गेल्या दोन हंगामांत नणंदेची कामं करणारी ही पोरगी. रडताना श्वास कुठे धरायचा, हे तिला ज्योत्स्नाबाईनंच शिकवलं होतं. ती धावत येऊन पाया पडली. "काकू, मी सून करून राह्यली! मले लय भेव वाटते. तुम्ही माय आहात म्हणून बरं आहे."

"माय?"

"ये वो ज्योत्स्ना," वारलूभाऊ खुर्चीतूनच म्हणाला. तो मोबाईलवर तारखा पाहत होता. "यंदा तुह्यं मायचं काम आहे. सुनेची माय. एक प्रवेश आहे, पण दमदार आहे."

भाषण कुठल्या कुठे पळालं. तिनं एवढंच विचारलं, "चेहऱ्यामुळं का, वारलूभाऊ?"

वारलूभाऊनं मान वर केली. तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला खरोखरच काही कळलं नाही. "कोनता चेहरा? काय झालं चेहऱ्याले? निशाचं तर होळीलेच ठरलं होतं."

"मंग मले चेहरा सांभाळ काऊन म्हटलं होतं?"

"ते मी सगळ्याइलेच म्हणतो," वारलूभाऊ म्हणाला आणि पुन्हा तारखांत बुडाला. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. तेच तर वाईट होतं. चैत्र ते श्रावण ज्या एका वाक्यासाठी बाई रोज दिव्याखाली पडली, ते त्यानं ढोलकीवाल्यालाही ऐकवलं असणार.

ती भांडली नाही. परत फिरलीही नाही. नाही म्हणून जायचं कुठे? घरी बसलेली नटी एका हंगामात लोकांच्या मनातून उतरते, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? ती मुकाट्यानं आतल्या खोलीत मेकअपला जाऊन बसली.

आत नथ्थूभाऊ होता. बावीस वर्षं तिचं तोंड त्यानंच रंगवलेलं. पहिल्या हंगामात त्यानं तिच्या हनुवटीवर काळा तीळ काढला होता आणि पुढं पोरी तसे तीळ काढून घेऊ लागल्या होत्या. त्यानं तिला खिडकीसमोर बसवलं, ओल्या स्पंजानं तिची पावडर पुसून काढली आणि पेटीतून काळी पेन्सिल नि तपकिरी रंग बाहेर काढला. म्हातारीचं, हालअपेष्टांत पिचलेलं तोंड करायचं म्हणजे तासाभराचं काम. डोळ्यांखाली सावल्या, गालांवर डाग, ओठांभोवती काळं.

त्यानं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. पेन्सिल गालाजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली. मग झाकण लावून पेटी बंद केली.

"काऊन, नथ्थूभाऊ?"

"झालं वो बाई. जा, फोटो काढून घे."

"अजून तर तू काई लावलंच नाई."

नथ्थूभाऊ तिच्याकडे न पाहता स्पंज पिळत राहिला. "लागतच नाई," तो म्हणाला.