गोदावरीचा दाखला

दादा, लग्न होऊन मी सिल्वासाला निघाले तेव्हा आई एसटीच्या खिडकीखाली उभी राहून ओरडत होती, "गोदे, पोचलीस की कळव गो!" आणि मी मान आत घेतली. शेजारी नवरा बसला होता. ताटातल्या तांदळात अंगठीनं त्यानं माझं नवं नाव लिहिलं होतं, गौरी. ते मीच त्याच्याकडून मागून घेतलं होतं, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. गोदावरी म्हणजे तेव्हा म्हाताऱ्या बायकांचं नाव.

इथं शाळेत लागले तीही गौरी टीचर म्हणूनच. हजेरी घेता घेता नावांचे हंगाम पाहिले. आधी वर्गात चार सुनीता, मग पूजा नि कोमल. आता रियांश, कियांश, वियांश. एकाला हाक मारली की तिघं "येस टीचर" म्हणतात.

यंदा निखिलला मुलगी झाली. माझी सून हेतल इथलीच, गुजराती. बाळाचं नाव काय ठेवणार विचारलं, तर म्हणाली, "मम्मी, सरप्राइज छे!" नवराबायको स्वयंपाकघरात कुजबुजायची. मी आत गेले की हेतल मिक्सर लावायची. तिच्या आईनं एखादं हेत्वी नाहीतर क्रिशा ठरवलं असणार, अशी माझी खात्रीच झाली.

मग एका दुपारी कपाटातली माझी कागदांची पिशवी उघडी दिसली. शाळा सोडल्याचा दाखला गायब. मनात पहिलं काय आलं, ते सांगायला लाज वाटते. गावच्या घराच्या कागदांवर माझं जुनं नाव आहे, आणि ते नाव माझंच हे सांगणारा तो एकच कागद. मला न विचारता माझा हिस्सा कुणाला देऊन टाकतात की काय? पोटचा पोरगा, तरी आठवडाभर मी दाराआडून त्याचं फोनवरचं बोलणं ऐकलं. काहीच हाती लागलं नाही, तर वाटलं, सावध झालाय.

बारशाला निखिलला बहीण नाही म्हणून हेतलच पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात पुटपुटली, मग मोठ्यानं म्हणाली, "गोदावरी."

तिच्या मैत्रिणी चित्कारल्या, "किती विंटेज!" जवळच्या दादऱ्याला म्हणे एकीनं मुलीचं नाव इंदुमती ठेवलंय. माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी तिथंच थांबलं. म्हणजे हीपण फॅशनच?

पाहुणे गेल्यावर मी हेतलला गाठलं. "खरं सांग. मोबाईलवर बघून ठेवलंस ना?"

"लिस्टमध्ये होतं, मम्मी. जूठ कशाला बोलू?" तिनं उशीखालून माझा दाखला काढून दिला. "पण तुमचं हे वाचलं ने, तेव्हाच फिक्स केलं. तुम्ही आम्हाला कधी बोलल्याच नाही."

मी दाखल्याची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

परवा बाळाच्या जन्माचा दाखला आला. नाव गोदावरी, जन्मस्थळ सिल्वासा. दादा, या दोन गोष्टी एका कागदावर मी कधी येऊ दिल्या नव्हत्या. इतकी वर्षं कुणी विचारलं की घर कोकणात आणि सिल्वासाला फक्त राहते, असंच सांगत आले. काल भाजीवालीनं विचारलं, "घर कुठे तुमचं?" मी मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं.

गणपतीला येईन, पाहुण्यासारखी. तुला वाईट वाटेल, पण तसंच झालंय. आणि हेतलवरचा माझा राग पुरता गेलेला नाही. कपाट उघडण्याआधी तिनं विचारायला हवं होतं.