बाबांचं दुसरं गाव

दिग्रसच्या मोटार स्टँडवर आम्हाला निरोप द्यायला इतकी माणसं आली की ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत बसला. दारूबंदी आली होती. आजोबांपासून चालत आलेली आमची मोहाच्या दारूची परवान्याची भट्टी बंद झाली, आणि बाबांना हैदराबादच्या बिअरच्या कारखान्यात मॅनेजरची नोकरी मिळाली. आलेल्यांत भट्टीची गिऱ्हाइकं थोडी. बाकी सगळे बाबांच्या कमिट्यांमधले, मुलींच्या शाळेचे, दवाखान्याचे.

पटकीच्या साथीत बाबांनी भट्टी थांबवून तिथले तांब्याचे हंडे घासून घेतले होते आणि त्यांत गावासाठी पाणी उकळलं होतं. दारूच्या भांड्यातलं पाणी प्यायला कोणी धजेना. तेव्हा कापसाच्या जिनिंगमधल्या गंगाराम हमालानं विचारलं, "मालक, पान्यानं चढन का?"

"चढलं तं सांग. त्याचाबी परवाना काढतो."

हसत हसत लोक प्यायले. स्टँडवर तोच गंगाराम खिडकीशी आला. "वापस याल नं, मालक?"

"शाळेवर छप्पर चढाचं हाय अजून," बाबा म्हणाले. "न येऊन कसं चालन?"

म्हणून हैदराबादला आम्ही पाहुण्यांसारखे राहिलो. कॉलेजात मी इथल्या दखनीतलं 'कैकू' आणि 'नक्को' म्हणायला शिकले, तेही उसनं घेतल्यासारखं. गल्लीच्या तोंडाशी सरकारी नळ फुटला होता. बाबा धोतर सावरून त्या चिखलातून कारखान्यात जात. दिग्रसला असा चिखल त्यांनी एक दिवस राहू दिला नसता. इथे म्हणत, "आपलं गाव थोडीच हाय हे!" मला ते वाक्य फार आवडायचं. आम्ही परत जाणार, असा त्याचा अर्थ होता.

एका रविवारी खालून गलका ऐकू आला. खिडकीतून पाहिलं, तर बाबा नळापाशी उभे राहून शेजाऱ्यांना हाका मारत होते. "अरे भाई, ये पानी बच्चे पीते! चार आदमी आव."

"क्यों मॅनेजरसाब, आप तो जानेवाले थे ना?" कोणीतरी टोमणा मारला.

बाबा हसले. मग धोतर खोचून चिखलात उतरले.

आई माझ्या शेजारी उभी होती. "संपलं दिग्रस," ती हळूच म्हणाली. मग डोळे पुसून फावडं शोधायला गेली.

यंदा बाबा गेले. त्यांना खांदा द्यायला ती सगळी गल्ली होती. मी आता इथलीच; घर, नोकरी, माणसं सगळी इथे. पण दिग्रसहून तुमच्यापैकी कोणी आलं आणि बोलता बोलता म्हणालं, औंदा गावात पानी नाही, की माझ्या ताटातला घास ताटातच राहतो.