मुळीगण

हजेरीपटावर एकनाथ तामोरेच्या नावापुढे ‘गवत कापणारा’ असे लिहिलेले होते. तो गवत कापत नसे. ते काम शेळ्या करीत, आणि त्यांची नावे हजेरीपटावर नव्हती. एकनाथचे खरे काम म्हणजे दर रविवारी सकाळी साहेब लोकांच्या दोनशे पावले पुढे जाऊन उभे राहायचे आणि त्यांनी मारलेला पांढरा बॉल कुठे पडतो ते बघायचे. या कामाला सरकारी भाषेत शब्द नव्हता.

साल १९६७. तारापूरच्या किनाऱ्यावर अणूच्या विजेचा कारखाना उभा राहत होता. त्यासाठी परदेशातून आलेल्या इंजिनिअरांना रविवारी काय करावे हा प्रश्न पडला, आणि त्यांनी खाजण आणि समुद्र यांच्यामधल्या माळावर गोल्फचे मैदान केले. मैदान म्हणजे पाच खड्डे. प्रत्येक खड्ड्यात दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा पुरलेला आणि भोवती जळके ऑइल घालून चोपलेली वाळू. उजव्या अंगाला चुना फासलेल्या दगडांची रांग. रांगेच्या पलीकडे मांगेले मच्छीमारांचे मासळी सुकवायचे खळे. तिथे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असत, आणि वारा पूर्वेकडे फिरला की साहेब लोक नाकाला रुमाल लावून खेळत.

एकनाथ चाळिशीचा. तरुणपणी बोटीच्या नांगराच्या दोरात डाव्या हाताची दोन बोटे गेली, पाठोपाठ ठरलेले लग्न गेले, मग बोटीवरची जागा. डोळे तेवढे राहिले. शीड दिसायला लागले की ते कोणाचे, हे तो इतर लोक बोट शोधत असतानाच सांगे. घरात तो आणि धाकटी बहीण लाडकी. ती लग्न होऊन दोन वर्षांत विधवा होऊन परत आली होती आणि खळ्यावर मासळी सुकवून घर चालवत होती. भावाच्या नोकरीवर तिचे मत स्पष्ट होते.

“एवढा बाप्या, आणि लोकांचे चेंडू शोधतो,” ती म्हणे. “लाज नाय वाटत?”

“त्यांना मारायला वाटत नाय, मला बघायला कशाला वाटंल?”

खेळ तसा कडक आहे असे एकनाथने ऐकले होते. बॉल जिथे पडला तिथूनच मारायचा, मग तो चिखलात असो की काट्यात. पण हे पुस्तकात. माळावर दोन साहेब नेमाने खेळत, कार्व्हर आणि सबनीस, आणि त्यांचे आपसात फार प्रेमाचे चाले. कार्व्हर काँक्रीटचा मोठा इंजिनिअर, सहा फूट उंच, हसरा. सबनीस लेबर ऑफिसर, पुण्याचे, कागदाला देव मानणारे. ऑफिसात ते अर्जावरची तारीख खाडाखोड केलेली असली तर अर्ज परत करीत. माळावर मात्र कार्व्हरचा बॉल डब्यापासून चार हातांवर असला तरी म्हणत, “राहू दे, गेला समजू.” आणि कार्डावर गेला असे लिहीत. कार्व्हरही त्यांना तसेच सोडी. दोघेही आपण सरळ खेळतो असे मानत, आणि त्यात ढोंग नव्हते. दोघांनी मिळून मोडलेला नियम मोडल्यासारखा वाटतच नाही.

सगळ्यात मोठी सवलत प्रत्येक खड्ड्याच्या पहिल्या फटक्याला होती. तो वाकडा गेला तर मारणारा हात वर करून ‘मलिगन’ असा एक इंग्रजी शब्द ओरडे आणि दुसरा बॉल काढी. तो शब्द ऐकून एकनाथ आधी चकित झाला आणि मग त्याला अभिमान वाटला.

“मुळीगण म्हणतात,” त्याने लाडकीला सांगितले. “पहिला वाकडा गेला ना, तर तो मुळी गणायचाच नाय. म्हणून मुळीगण.”

“त्यांना आपली भाषा कशी आली?”

“शिकलेले हायेत.”

लाडकीने हातातला बोंबील वलांडीवर उलटा केला. “मंग माझं लगीन पण मुळीगण म्हणून टाक. तेवढं विचार तुज्या साहेबाला.”

सवलती वाटण्यात एकनाथचाही हात होता, खरे म्हणजे पाय. एकदा कार्व्हरचा बॉल खेकड्याच्या बिळाच्या तोंडाशी अडकला. एकनाथला कीव आली. साहेब उंचवट्याआड होते तेवढ्यात त्याने पायाच्या अंगठ्याने बॉल उचलून हिरवळीवर ठेवला. कार्व्हरने बॉल बघितला, एकनाथकडे बघितले, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या रविवारी सबनीसांचा बॉल काट्यातून बाहेर आला. सबनीसांनी थाप मारली नाही, पण त्या आठवड्यात एकनाथचा मुकादम त्याच्याशी आदराने बोलला. अशी दोन वर्षे गेली. अंगठा आपल्या एकट्यासाठी चालतो अशी दोघांची समजूत होती, आणि एकनाथने ती कधी मोडली नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी आठच्या सुमाराला, तिसऱ्या खड्ड्यासाठी कार्व्हरने फटका मारला. बॉल उजवीकडे वळला. उंचवट्यामुळे मारणाऱ्यांना खळे दिसत नव्हते. पुढे उभ्या असलेल्या एकनाथला दिसत होते. बॉल दगडांच्या रांगेवरून गेला, आणि वलांडीशी कोणाच्या तरी हाकेला ओ देण्यासाठी वळलेल्या लाडकीच्या उजव्या डोळ्यावर बसला. ओला नारळ दगडावर आपटल्यासारखा आवाज झाला. ती ओरडली नाही. खाली बसली आणि मग आडवी झाली.

एकनाथ धावला. मागून कार्व्हरचा आवाज आला, “मुळीगण!” आणि मग सबनीसांचा, “एकनाथ, शोधू नको, राहू दे!” कार्व्हरने दुसरा बॉल मारला. तो छान सरळ गेला.

लाडकीला पाठीवर घेऊन एकनाथ कॉलनीच्या दवाखान्यात पोचला. कंपाउंडर दारातच आडवा आला. दवाखाना प्रकल्पातल्या माणसांसाठी आणि प्रकल्पातल्या अपघातांसाठी होता. बहीण प्रकल्पात नव्हती.

“अपघात तर तिथलाच हाय,” एकनाथ म्हणाला.

“मग तसं लिहून आण. लेबर ऑफिसरचं.”

एकनाथ लाडकीला घेऊन सबनीसांच्या दाराशी गेला तेव्हा ते नुकतेच माळावरून आले होते. त्यांनी बूटसुद्धा काढले नव्हते. पायरीवर टेकून बसलेल्या लाडकीकडे त्यांनी बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. ते वाईट मनुष्य नव्हते. आत जाऊन त्यांनी छापील फॉर्म काढला.

“काय लागलं?”

“बॉल, साहेब. कार्व्हर साहेबांचा.” एकनाथने खिशातून बॉल काढून टेबलावर ठेवला. त्यावर कार्व्हरच्या खुणेचा हिरवा ठिपका होता.

सबनीसांनी पेन ठेवले. “कुठला बॉल? तिसऱ्या खड्ड्याला साहेबांचे पाच फटके झाले. कार्डावर मी स्वतः लिहिलेत. पाचही दुसऱ्या बॉलचे. पहिला धरलेला नाही.”

“धरला नाय, पण लागला.”

“ते मला समजतंय रे. पण वर समजलं पाहिजे. परदेशी माणूस, प्रकल्पाची जागा, कामाची वेळ नाही. मी बॉल असं लिहिलं तर चौकशी लागते. कागद मुंबईला जातो. आज रविवार. चार दिवस तरी धर.”

“तवर?”

“तवर दवाखाना तिला हात लावणार नाही.”

बाहेर लाडकी कण्हली. सबनीसांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. “हे बघ एकनाथ. बाई वलांडीशी काम करत होती. तोल गेला, बांबूचं टोक लागलं. हा झाला घरगुती अपघात. घरगुती अपघाताला वर विचारावं लागत नाही. माणुसकीच्या नात्यानं जीप देणं माझ्या हातात आहे. आत्ता, या मिनिटाला. पालघरला चांगले डॉक्टर आहेत. बोल, काय लिहू?”

सबनीस फसवत होते असे म्हणता येत नाही. त्यांच्या मते ते चार हातांवरचा बॉल सोडून देत होते.

“बांबू लिवा,” एकनाथ म्हणाला.

त्याला सही येत होती. चौथीपर्यंत शिकला होता. ‘ए’ला मात्रा द्यायची की नाही याबद्दल तो क्षणभर थांबला, आणि मग सही केली.

जीप चिंतू ड्रायव्हरने चालवली. बोईसरपर्यंत रस्ता खडीचा, प्रत्येक खड्ड्याला लाडकी भावाचा दंड आवळी. उमरोळीशी रेल्वेचे फाटक बंद होते. मालगाडी सावकाश गेली. पालघरच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत अकरा वाजले होते. सबनीसांनी सांगितल्याप्रमाणे चिंतूने कागद डॉक्टरांच्या हातात दिला आणि तिथेच उभा राहिला.

“बांबूचं टोक का?” कागद वाचत डॉक्टर म्हणाले. “पडलीस कशी गं?”

लाडकीने तोंड उघडले, आणि मिटले.

“वलांडीवर,” एकनाथ म्हणाला. कागद एक आणि तोंड दुसरे झाले तर सबनीस साहेब अडचणीत येतील, आणि मग जीपही परत मागतील, असे काहीसे त्याच्या मनात होते.

डॉक्टरांनी भिंग लावून बराच वेळ कुसळ शोधले. बांबूचे कुसळ आत राहिले तर डोळा पिकतो. कुसळ सापडले नाही. सापडले नाही म्हणून त्यांना बरे वाटले. त्यांनी औषध घातले, घट्ट पट्टी बांधली आणि सांगितले, “नशीब म्हणायचं. डोकं दुखेल, घाबरू नका. तीन दिवस पट्टी काढायची नाही.”

सोमवारी लाडकीला उलट्या सुरू झाल्या. “आत कोण तरी पिळतंय,” ती म्हणत होती. डोके दुखेल हे डॉक्टरांनी सांगितलेच होते, त्यामुळे एकनाथ डॉक्टरांकडे गेला नाही. कागद दुरुस्त झाला तर प्रकल्पाची गाडी तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेईल, असा त्याने विचार केला आणि साइटवर कार्व्हरकडे गेला. सबनीसांना बोलावले गेले, कारण दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मुळीगण सोडून.

कार्व्हरने सगळे ऐकून घेतले. त्याला खरोखरच वाईट वाटले. त्याने बॉल हातात घेतला, ठिपका बघितला आणि बोलला. सबनीसांनी मराठी केले.

“साहेब म्हणतात, बॉल त्यांचाच. पण असे त्यांचे वीस हरवलेत, आणि बरेचसे तूच नंतर शोधून आणून दिलेस. हा कधीचा, ते कसं सांगणार?”

“मी बघितला ना, साहेब. माझ्या डोळ्यांनी. तिथं उभा राहून. मला दुसरं काय काम हाय?”

कार्व्हर हसला नाही. त्याने एकनाथच्या पायांकडे बघितले आणि हळू आवाजात एक वाक्य बोलला. सबनीसांनी तेही मराठीत सांगितले, एकनाथकडे न बघता.

“साहेब विचारतात, गेल्या दोन वर्षांत बॉल खरा कुठे पडला, हे तू त्यांना एकदा तरी सांगितलंस का?”

एकनाथने पायाचा अंगठा दुसऱ्या पावलाखाली ओढून घेतला. सबनीसांना तो प्रश्न आपल्यालाही लागू पडतो हे कळले असावे, कारण त्यांनी लगेच टेबलावरचे कागद सारखे केले आणि सांगितले की सही झालेले निवेदन बदलता येत नाही, तशी तरतूदच नाही.

संध्याकाळी कार्व्हरच्या बंगल्यावरून फळांचा परदेशी डबा आला. लाडकीला वासही सहन झाला नाही.

बुधवारी एसटीने पालघरला जाऊन पट्टी सोडली. डॉक्टरांनी टॉर्च पुन्हा पुन्हा लावून बघितला. मग म्हणाले, “हे बांबूचं नाही. काय लागलं होतं? खरं सांगा.”

एकनाथने बॉल टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो उचलला, तळहातावर तोलला.

“कुसळ शोधत बसलो मी,” ते म्हणाले. “हे रविवारी सांगितलं असतंत तर तिला त्याच गाडीतून मुंबईला धाडलं असतं. आतून फुटलाय डोळा.”

“आता?”

“आता हा काढून दुसरा वाचवायचा. आजच्या आज निघा.”

मुंबईच्या हॉस्पिटलात तिचा उजवा डोळा काढला. चौदा दिवसांनी भाऊबहीण पाड्यावर परत आली. तोवर पाड्यात बांबूची गोष्ट पक्की झाली होती. शेजारच्या रंभाबाईने वलांडीचा एक बांबू उपटून समुद्रात टाकलासुद्धा, कारण तो अपशकुनी निघाला.

माळावर रविवारी आता दुसरा माणूस उभा राहू लागला. एकनाथला कोणी बोलावले नाही आणि तो गेलाही नाही. दिवसभर तो ओट्यावर बसे. लाडकी महिन्याने खळ्यावर जाऊ लागली. तिची टोपली एका बाजूला धडके, पाय दगडाला लागे. ती शिव्या देई आणि पुढे जाई. भावाला तिने एका शब्दाने विचारले नव्हते.

मग एका दुपारी तिने भाकरीचे ताट त्याच्यापुढे सरकवले आणि समोर बसली.

“त्या डाक्टरनी विचारलं तवा मी सांगणार होती,” ती म्हणाली. “पयल्या दिवशी. तोंड उघडलं होतं मी.”

एकनाथने घास खाली ठेवला.

“मंग तुज्याकडं बघितलं. तू खाली बघत होतास. मला वाटलं, भावाला ठावं हाय काय करायचं ते. त्याचंच तर काम हाय, बघायचं.”

“लाडके...”

“मला काय लागलं, भाऊ?”

“तुला ठाऊक हाय.”

“मला हाय. तू सांग.”

“बॉल,” तो म्हणाला.

“ऐकाया नाय आलं.”

“बॉल लागला. कार्व्हर साहेबाचा. पयला.”

“अजून मोठ्यानं.”

एकनाथ मोठ्याने बोलला. मग त्याहून मोठ्याने. भर दुपार होती, बाप्ये बोटीवर होते, बाया खळ्यावर होत्या. घरात दोघेच होती.