पाणी कितव्या पायरीवर

नेरहून तलावापर्यंत सायकलने जायला मला पूर्वी पाऊण तास लागायचा. आता दीड लागतो, कारण शेवटचा चढ मी सायकल हातात धरून चालतो. रविवारी सकाळी हेल्मेट घातलेली तरुण मंडळी त्याच चढावर मला मागे टाकतात. "काका, सावकाश," म्हणतात. मी सावकाशच चाललेलो असतो.

चढ संपला की माळ लागतो. कुसळीचं गवत, अधूनमधून पळस, आणि मग एकदम पाणी. तहसील कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हापासून माझे रविवार इथेच गेले. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, एक फेरी मारायची, सांडव्याजवळच्या दगडी पायऱ्यांवर कपडे ठेवून पोहायचं, बायकोने बांधून दिलेली दशमी खायची आणि परत फिरायचं. घरी आलो की ओला पंचा वाळत घालताना ती एकच विचारायची, "पाणी कितव्या पायरीवर आहे?" मी सांगायचो. दिवाळीच्या सुमारास दुसऱ्या, होळीला नवव्या, मे महिन्यात "पायऱ्या संपल्या." दुसरं तिने काही विचारलं नाही. मलाही न्या, असंही कधी म्हणाली नाही.

ती जाऊन दोन वर्षं होतील. पंचा आता मीच वाळत घालतो. पायरी अजूनही मोजून येतो. ती सांगायची कोणाला, हे दारात सायकल लावताना लक्षात येतं.

आमच्या नात्यात सगळ्यांना माझ्याकडून ऐकलेली एक गोष्ट माहीत आहे. लग्नाला चार महिने झाले असताना मी बायकोला या तलावावर घेऊन गेलो, पायरीवरून तिचा पाय घसरला, ती बुडू लागली आणि मी उडी मारून तिला बाहेर काढलं. तेव्हापासून तिने पाण्याची धास्ती घेतली. ही गोष्ट मी बारशांना सांगितली, लग्नांच्या पंगतीत सांगितली, जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यालाही सांगितली.

ती खोटी आहे.

खरं असं झालं. मी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं होतं. पाण्यात एक वाळलेलं मोहाचं झाड उभं होतं. तलाव बांधताना बुडालेलं. तिथवर पोहून जायचं आणि परत यायचं, हे मला नव्या बायकोला दाखवायचं होतं. ती पायरीवर बसून बघत होती. अर्ध्या वाटेवर माझ्या पोटरीत गोळा आला. मी हात मारले, पाणी प्यालो, ओरडलो. तिने कासोटा खोचला आणि सूर मारला. महागावकडचं तिचं माहेर पैनगंगेच्या काठी. लहानपणी कमरेला वाळका भोपळा बांधून ती पोहायला शिकली होती, हे तिने मला सांगितलं होतं. मी ते कानाआड केलं होतं.

तिने मागून येऊन माझे केस धरले. "मला धरू नका. उताणे व्हा. आभाळाकडे बघा," एवढंच म्हणाली. मी आभाळाकडे बघत राहिलो आणि तिने मला पायरीपर्यंत ओढत आणलं. माझा श्वास ठिकाणावर आल्यावर ती पुन्हा पाण्यात उतरली. सरळ मोहाच्या झाडापर्यंत गेली, बुंध्याला हात लावला आणि परत आली. हसत होती. ते हसणं मला सहन झालं नाही.

हे सगळं एका माणसाने पाहिलं. शेजारच्या बंजारा तांड्यातला, माझ्याच वयाचा, बकऱ्या चारणारा. तो पाळीवरून ओरडला, "बाबूजी, ह्या याडीनं नसतं काढलं तं मले तांड्यातून खाट आणा लागली असती तुमच्यासाठी!" त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

घरी माझ्या आईने दारातच विचारलं, "ही ओली कशी झाली?" मी म्हणालो, "पाय घसरला हिचा. बुडतच होती, मी काढली." बायको माझ्या मागे उभी होती, केसांतून पाणी गळत होतं. तिने पदर पिळला. आईने तिची मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली आणि पुन्हा पाण्याजवळ न्यायचं नाही, असं मला बजावलं. मला ते सोयीचं झालं.

त्यानंतर मी ही गोष्ट सांगू लागलो की ती चहा ठेवायला उठायची. एकदाच, पाहुणे गेल्यावर, कपबशा विसळताना म्हणाली, "तुम्ही सांगता तसा तो तलाव दरवेळी थोडा खोल होतो." मी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं केलं.

ती गेल्यावर रक्षा कुठे सोडायची, असा प्रश्न आला. मुलगी नागपूरहून आली होती. ती म्हणाली, "नदीत नको. आईला पाण्याची किती भीती होती." मग परसात खड्डा केला, त्यात रक्षा घातली आणि वर आंब्याचं रोप लावलं. खड्ड्याशी उभा राहून मी माती लोटली. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तो बकऱ्यावाला पाळीवर भेटला. आता काठी टेकत असतो.

"याडी कोठी हाय?" त्याने विचारलं. "इतक्या सालात एकडाव बी नाही आणलं तिले."

"गेली ती."

त्याने काठी पाळीत रोवली. मग पाण्याकडे हात करून म्हणाला, "मंग इथंच सोडली असंन."

"नाही."

"काहून?"

मी सायकल वळवली. त्या दिवशी मी पाण्यात उतरलो नाही. घरी येऊन मुलीला फोन लावला. आधी जेवलीस का विचारलं, मग सगळं सांगितलं.

तिने ते ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, "शाळेतून मला पोहायला पाठवत होते, तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. आईसारखं होईल म्हणालात."

"हो."

"आई तेव्हा तिथेच होती ना?"

"पोळ्या लाटत होती."

तिने फोन ठेवला. पुढचे तीन आठवडे मी लावलेला फोन तिने उचलला नाही.

मग एका रविवारी सकाळी ती एकटीच गाडी घेऊन आली. चहा न घेता परसात गेली, आंब्याच्या आळ्यात बसून काहीतरी करत होती. मला वाटलं, गवत काढतेय. नंतर म्हणाली, "चला, दाखवा."

मोहाचं झाड कधीच पडलं आहे. तलावाच्या पायरीवर उभं राहून मी हाताने जागा दाखवली.

"एवढ्या लांब?"

"हो."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

मी मधली जागा दाखवली. तिला हसू आलं, मग तिने तोंड फिरवलं. सलवार वर घेऊन ती पाण्यात दोन पायऱ्या उतरली. माझा हात तिने धरला नाही. ओढणीच्या टोकाला गाठ मारली होती ती सोडली. आत आळ्यातली माती होती. ती तिने ओंजळीने पाण्यात सोडली. पाणी जरासं गढूळ झालं आणि निवळलं.

"ज्यांना ज्यांना ती गोष्ट सांगितलीत बाबा, त्या सगळ्यांना आता हे सांगायचं."

"त्यातले पुष्कळ जण गेले गं."

"मग लिहा. उरलेले वाचतील."

म्हणून लिहिलं. त्या दिवशी पाणी पाचव्या पायरीवर होतं.