रिकामा वाडगा

आमच्या बिल्डिंगमध्ये मला अजून विचारतात, इंग्लंडला कसं होतं गं? मी म्हणते, "मस्त. एकदम शांत." विचारणारी खूश होते, माझी सुटका होते. खरं काय होतं ते मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही — भावाजवळ नाही, मैत्रिणींजवळ नाही, आणि जिला पहिल्यांदा सांगायला हवं तिला तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही. तेवढ्यासाठीच तुम्हाला सांगतेय.

इंग्लंड म्हटलं की लोकांना लंडन दिसतं. मी होते ते गाव म्हणजे एक मोठा रस्ता, एक चर्च, दोन पब, किराणा मालाचं एक दुकान आणि चहूकडे मेंढ्या. तिथल्या शाळेत मी गणित शिकवायचे. संध्याकाळी पाचला शटर खाली. शेवटची बस चुकली की वाट लागली, कारण रिक्षा नावाची चीज नाही. मी कांदिवलीच्या चाळीत वाढलेली. आमच्याकडे दार बंद दिसलं की लोक विचारायचे, काय गं, कुणी आजारी आहे का? तिथे पहिल्या आठवड्यात मला वाटलं, गावात कुणी वारलंय की काय.

लोक वाईट होते का? नाही हो. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं! भेटले की हसायचे, हवेबद्दल बोलायचे, मी त्यांच्या पायावर पाय दिला तरी सॉरी तेच म्हणायचे, आणि पुढे जायचे. एकमेकांच्या कुत्र्यांची नावं त्यांना पाठ. माझं नाव विचारलं की पुढच्या वेळी पुन्हा विचारायचे. "या ना एकदा चहाला," असंही म्हणायचे. एकदा म्हणजे कधी? कुठल्या वारी? ते कुणी बोलायचं नाही. आपल्याकडेही 'या एकदा' तोंडदेखलं म्हणतात, ठाऊक आहे मला. पण आपल्याकडे कुणी खरंच उगवलं तर निदान चहाचं आधण तरी ठेवतात.

तीन वर्षं मी फोनवर एकच रडगाणं गायलं — इथली माणसं दगड आहेत, इथे मेलं तरी कुणाला कळायचं नाही. भाऊ हळहळायचा, मैत्रिणी हळहळायच्या. आणि खरं सांगू? ते रडगाणं मला आवडायला लागलं होतं. त्यात मी बिचारी होते, आणि माझं काहीच चुकत नव्हतं.

मग बाबा गेले, आणि आईला मी थोडे महिने माझ्याकडे बोलावून घेतलं. आई मालवणकडची. लग्न होऊन चाळीत आली ती आयुष्यभर शेजारणींच्या घरात आत-बाहेर करत राहिली. तिला मी पहिल्याच दिवशी बजावलं, इथे कुणाच्या दारात उठून जायचं नाही. आधी विचारतात, ठरवतात, मग जातात. आई "हूं" म्हणाली. मी शाळेत गेले.

पंधरवडाभरात तिने शेजारीण गाठली. मधल्या कुंपणावरून त्या बाईने काहीतरी म्हटलं असणार, नेहमीचंच, या ना एकदा. आईला त्यातलं 'कम' तेवढं समजलं. ती गेली! त्या बाईचं नाव मॉरीन. वय झालेली, एकटी राहणारी. आई तिला मोरीनबाय म्हणायची. आई मालवणीत बोलायची, ती इंग्रजीत, आणि दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलायच्या. "तिचा माका कळणा नाय, माझा तिका कळणा नाय," आई म्हणायची, "पण बोलाक बरा वाटता."

आईने तिला घावणे नेऊन दिले. ताटली परत आली ती जॅमच्या बाटलीसकट. आई केवढी हरखली! आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत; काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. ही रीत त्या बाईला कुणी सांगितली नव्हती. आई मला जॅमची बाटली दाखवून दाखवून सांगत होती, बघ, ही आपल्यातलीच.

मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग येत होता. कशाचा, ते तेव्हा कळत नव्हतं. की कळत होतं?

एका दुपारी मी शाळेतून भिजून, वैतागून आले. वर्गात पोरांनी माझ्या उच्चारांची नक्कल केली होती. आई घरी नव्हती. शेजारून तिचं हसणं ऐकू येत होतं — बाबा गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. मी तिला आणायला गेले. आई त्या बाईंच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, चाळीत बसायची तशी. बाई मला म्हणाल्या, तूही ये ना आत. मी म्हटलं, नको, वह्या तपासायच्या आहेत. आणि मग, शिष्टाचार म्हणून, त्यांना त्यांचं नाव विचारलं; आईच्या 'मोरीनबाय'वरून खरं नाव काय ते मला कळलं नव्हतं.

घरी येताना आईने विचारलं. अगदी सहज, टोमणा नव्हता. "तीन वर्षा हय रवतंस, आणि तुका शेजारणीचा नाव म्हायत नाय?"

माझी तीन वर्षं तिने एका वाक्यात खाली पाडली. दारं बंद नव्हती. मी ढकलून बघितलीच नव्हती. हे तिने म्हटलंही नाही, पण मला तेच ऐकू आलं, आणि ते सहन झालं नाही.

त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, मॉरीनबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. तुझं रोज येणं त्यांना जड होतंय. इथे लोक तोंडावर बोलत नाहीत, हसतात, पण त्यांना त्रास होतो.

साफ खोटं. त्यातलं अक्षरही खरं नव्हतं.

आईने हातातली भाजी खाली ठेवली. मग म्हणाली, "मी तिका तरास दिलंय?" मी म्हटलं, जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस. एवढं निर्दयपणे कसं बोलले मी? बोलले. आणि वर तिला चहा करून दिला.

तिने जाणं बंद केलं. खिडकीत बसायची, बाई अंगणात आल्या की मागे सरकायची. त्यांनी हात हलवला की ही पडदा ओढायची. लाज वाटायची तिला! मला ते दिसत होतं, रोज दिसत होतं. एक वाक्य बोलायचं होतं मला फक्त.

बाईंचा एक काचेचा वाडगा आमच्याकडे राहिला होता. आई मुंबईला परतायच्या आधी तो धुऊन, पुसून तिने माझ्या हातात दिला. त्यात साखर घातली होती, चिमूटभर नाही, चांगली काठोकाठ. "रिकामो देव नको गो," म्हणाली. बस, एवढंच. तिची माफी होती ती, हे मला न कळायला मी काय मूर्ख आहे?

मी बाहेर गेले आणि साखर कचऱ्याच्या डब्यात ओतली. बाईंनी साखरेबद्दल विचारलं असतं, मग मला आईबद्दल बोलावं लागलं असतं, म्हणून. रिकामा वाडगा त्यांच्या हातात दिला. त्यांनी विचारलंच, माझं काही चुकलं का? तुझी आई येत नाही. मी म्हटलं, तसं काही नाही, तिला एकटं राहायला आवडतं. माझ्या आईला! बाई "ओह" म्हणाल्या, "सॉरी" म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी मीही नोकरी सोडून आले. चाळ पाडून टॉवर झालाय. आई आता कुणाकडेही आधी फोन केल्याशिवाय जात नाही. गेली तरी उंबऱ्याबाहेर उभी राहते, बस म्हटल्याशिवाय बसत नाही, चहा अर्धा टाकून उठते. जुन्या शेजारणी हसतात, फॉरेनला जाऊन मॅनर्स शिकून आली म्हातारी! आई पण हसते. मी पण हसते त्यांच्यात. तिला हे कुणी शिकवलं ते मला ठाऊक आहे.

हे घर तिच्या नावावर आहे. माझ्या खोलीचं दार उघडंच असतं. आत्ता मी हे लिहितेय, आणि ती चहाचा कप घेऊन बाहेर थांबली आहे, बोटाने चौकटीवर वाजवते आहे.

"येव काय गो?"

ये, म्हणते मी. त्यापुढे काही बोलत नाही.