सात विमानांवरचा शिक्का

कारखान्यात त्यांना सगळे आरसेबाई म्हणत. खरं आडनाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. विमानं बांधणाऱ्या त्या कारखान्यात तपासनीस म्हणून बावीस वर्षं काढलेल्या या बाईंच्या हातात सदानकदा एक आरसा असे. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, फक्त दांडी हातभर लांब. जिथे डोकं शिरत नाही तिथे आरसा घालायचा, दुसऱ्या हाताने बॅटरी मारायची आणि आतलं नीट बघायचं. काम मनासारखं असेल तर कागदावर शिक्का. प्रत्येक तपासनिसाच्या शिक्क्याला वेगळा आकडा असे. बाईंचा चौसष्ट.

"बाईंनी लग्नात हारसुद्धा मागून आरसा लावून, गाठ तपासून मगच घालून घेतला असणार," असं अण्णा म्हणायचे. अण्णा म्हणजे शेपटीच्या भागावर काम करणारे सर्वांत जुने फिटर. बाई यावर हसायच्या आणि अण्णांचं पुढचं काम दुप्पट बारकाईने बघायच्या.

मग एके दुपारी कारखान्याचं एक विमान उतरता उतरता धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. एकेचाळीस माणसं गेली. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी दुसऱ्याच दिवशी टीव्हीवर सांगून टाकलं की आमच्या विमानात काही खोट नाही, चूक पायलटची. पायलट बिचारा उत्तर द्यायला उरला नव्हता. चार महिन्यांनी चौकशीचा अहवाल आला आणि साहेबांचे दात त्यांच्याच घशात गेले. शेपटीतल्या दांड्याचा नट उडताना सुटला होता. तो सुटू नये म्हणून त्यात एक पिन घालतात, बोटाच्या पेराएवढी. ती नटातून आरपार घालून तिची दोन्ही टोकं मागे वाकवली की नट जन्मात सुटत नाही. पडलेल्या विमानात ती पिनच नव्हती. कागदावर मात्र ती तपासल्याचा शिक्का होता.

कँटीनमध्ये तो अहवाल हातोहात फिरला. आरसेबाईंनी सगळ्यात आधी शिक्क्याचा आकडा शोधला. सतरा. म्हणजे निवृत्त होऊन दोन वर्षांपूर्वी वारलेले एक तपासनीस. बाईंनी हुश्श केलं, आणि लगेच हातातला चहा खाली ठेवला. एकेचाळीस घरं उजाड झाली आणि आपल्याला आधी काय सुचलं, तर आकडा आपला नाही!

पण त्या हुश्शच्या खाली आणखी काहीतरी होतं आणि ते फक्त त्यांना ठाऊक होतं.

आदल्या वर्षअखेरीची गोष्ट. शेडच्या फोरमनला लोक घाईसाहेब म्हणत, आणि त्या आठवड्यात तर त्याने नावाचं सोनं केलं. शेडच्या भिंतीवर मोठा फलक होता, विमानं द्यायला किती दिवस उरले ते दाखवणारा. बाई तपासायला जाऊन बघतात तर शेपटीवरचं झाकण आधीच बंद.

"अण्णांनी केलंय बाई, मीठमोहऱ्या ओवाळून टाकाव्यात असं काम आहे," घाईसाहेब म्हणाला. "आता झाकण उघडायचं म्हणजे पुन्हा सील लावा, वाळवा, अर्धा दिवस खलास. गिऱ्हाईक दारात उभं आहे."

पहिल्या दिवशी बाई भांडल्या. दुसऱ्या दिवशी भांडल्या आणि हरल्या. त्या आठवड्यात अशा सात विमानांवर चौसष्टचा शिक्का पडला. पहिला मारण्याआधी त्या दोनदा झाकणाकडे वळून बघून आल्या होत्या, सातव्याच्या वेळी नाही. पुढे त्यांना जास्त टोचलं ते हेच.

अहवालानंतर सतरा आकड्याची सगळी विमानं उघडून तपासली गेली. बाकीच्या तपासनिसांचे कागद चोख होते, त्यामुळे त्यांची विमानं उडत राहिली. बाईंची सातही.

जुने साहेब गेले आणि नवे आले. अंगाने किरकोळ, एका कानाने कमी ऐकणारे, त्यामुळे बोलणाऱ्याकडे मान वाकडी करून बघणारे. याआधी ते धरणं बांधणाऱ्या कंपनीत होते. विमानातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, असं लोक म्हणत. पहिल्याच आठवड्यात ते शेडमध्ये लोखंडी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "कुणी काही चुकीचं केलं असेल, बघितलं असेल, तर मला येऊन सांगा. सांगणाऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही."

"नव्याचे नऊ दिवस," मागून कुणीतरी पुटपुटलं. दारापाशी एक पेटी टांगली गेली. आठवड्याने उघडली तर आत चहाचे तीन कागदी कप आणि कुणाच्या तरी हातचं घाईसाहेबाचं चित्र, तेही बऱ्यापैकी हुबेहूब.

बाईंच्या तोंडाला कुलूपच होतं. ते उघडलं घरात. एका रविवारी धाकटी नणंद आली. तिच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि मुलगी दूरच्या शहरात होती.

"वहिनी, तिकीट काढतेय विमानाचं. तुमच्याच कारखान्याचं विमान आहे म्हणे त्या मार्गावर. बसू ना गं?"

"रेल्वेने जा," बाई म्हणाल्या. इतक्या चटकन, की त्यांचं त्यांनाच दचकायला झालं.

"अगं, दीड दिवस लागतो रेल्वेला!"

"लागू दे."

नणंद गेल्यावर बाईंच्या यजमानांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. तीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस. गाडी काढण्याआधी रोज चारी बाजूंनी फिरून बघायची आणि मगच पोरांना आत घ्यायचं, ही त्यांची सवय. "काय गं, काय झालंय?" त्यांनी विचारलं. बाईंनी मग सगळं सांगितलं. सात विमानं, बंद झाकणं, सगळं. त्यांनी चष्मा काढून वर्तमानपत्रावर ठेवला.

"ती आपल्या घरची, म्हणून तिला रेल्वे," ते म्हणाले. "बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आरसेबाई मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर जाऊन बसल्या. चिटणीस मुलगी दोनदा म्हणाली की साहेब आज भेटणार नाहीत. बाई दोनदा "बरं" म्हणाल्या आणि बसून राहिल्या. साडेअकराला साहेबच बाहेर डोकावले आणि त्यांना आत घेऊन गेले.

"बसा बाई. काय काम होतं?"

"साहेब, माझा शिक्का चौसष्ट. गेल्या वर्षअखेरीला सात विमानांवर तो मी न बघता मारलाय. शेपटीतल्या पिनेवर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "न बघता कसा?"

"झाकण बंद होतं. मी उघडायला लावलं नाही."

"का?"

"घाई होती असं सांगता येईल. पण खरं सांगू? भांडायचा कंटाळा आला होता."

साहेबांनी मान वाकडी करून त्यांच्याकडे बघितलं. "परवा मी विमान कंपन्यांना सांगणार आहे की आमची सगळी विमानं तपासलेली आहेत. भाषण लिहून तयार आहे. हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"फोरमनला. आणि काल माझ्या नवऱ्याला सांगितलं."

"म्हणजे मी गप्प बसलो तर झाकली मूठ."

"राहील ना, झाकलेली राहील. पण मुठीत काय आहे ते मलाही माहीत नाही साहेब, आणि तुम्हालाही."

साहेब उठले, खिडकीपाशी गेले. खाली अंगणात एक नवं कोरं विमान रंगासाठी ओढून नेत होते. ते आत जाईपर्यंत साहेब तिथेच उभे होते. मग त्यांनी बाईंनी लिहून आणलेला नंबरांचा कागद समोर ओढला आणि फोन उचलला. "सात विमानांचे नंबर देतो, लिहून घ्या. आज उतरली की पुन्हा उडवायची नाहीत. हो, आजच. प्रवाशांना काय सांगायचं ते मी सांगतो."

बाईंनी खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला.

"सांगणाऱ्याला शिक्षा नाही, असं म्हटलंय मी," साहेब म्हणाले.

"शिक्षा म्हणून नाही देत. पण ती सात झाकणं उघडेपर्यंत या शिक्क्याला कोण विचारतंय?"

साहेबांनी तो खणात ठेवला.

संध्याकाळी ते स्वतः टीव्हीवर आले. न तपासलेली सात विमानं थांबवली आहेत, आमच्याच एका माणसाने आम्हाला सांगितलं, ते आम्हीच आधी विचारायला हवं होतं, एवढंच बोलले. नाव घेतलं नाही. पण शेडमध्ये कुठली गोष्ट लपते? वर्तमानपत्रांनी कारखान्याला सोलून काढलं. दोन कंपन्यांनी नव्या विमानांची मागणी रद्द केली, एक पाळी बंद झाली. कँटीनमध्ये बाई बसल्या की टेबल रिकामं होऊ लागलं. "घर जळतंय आणि बाई खिडक्या उघडून वारा घालतायत," घाईसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. ते सगळं बाईंनी सोसलं. अण्णांचा अबोला मात्र सोसवेना. चौथ्या दिवशी अण्णाच समोर आले.

"इतकी वर्षं बघताय माझं काम. माझ्या हातावर संशय घेतलात?"

"माझ्या डोळ्यांवर घेतला, अण्णा. तुमच्या हातावर कशाला घेऊ?"

"एकच झालं ते," अण्णा म्हणाले आणि गेले.

सात विमानं एकेक करून कारखान्यात आली. झाकणं उघडताना अण्णा आणि आरसेबाई दोघांनीही हजर राहायचं, असा साहेबांचा हुकूम होता. पहिल्या विमानात पिन जागेवर, टोकं छान वाकवलेली. दुसऱ्यात तेच. पाचवं झालं तोवर अण्णांचा चेहरा सैल पडला होता. त्यांनी बाईंना चहासुद्धा विचारला. सहाव्यात बाईंनी आरसा घातला आणि त्यांचा हात तसाच थांबला. पिन होती. टोकं मात्र सरळ होती, वाकवलीच नव्हती. इतके महिने विमानाच्या थरथरीने ती निम्मी बाहेर सरकली होती.

अण्णांनी आरसा मागून घेतला. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं.

"आठवलं," ते हळूच म्हणाले. "पिन घातली आणि घाईसाहेबाने पलीकडच्या विमानावर बोलावलं. परत आलो तर झाकण बंद. मला वाटलं, टोकं मी वाकवलीयत."

ते तिथेच शिडीच्या पायरीवर बसले. बाई शेजारी बसल्या. सातवं विमान ठीक निघालं, पण ते बघताना दोघांनाही आनंद असा झाला नाही.

आता घाईसाहेबाचा बळी जाणार, असं सगळे धरून चालले होते. साहेबांनी त्याला बोलावलं आणि एकच विचारलं, "तारीख कुणी दिली होती?" त्याने खिशातून एक चुरगळलेलं पत्र काढलं. काहीही करा, पण वर्षाच्या आत विमानं द्या. खाली वरच्या दोन अधिकाऱ्यांच्या सह्या. त्या दोघांची नोकरी महिन्याभरात गेली. घाईसाहेबाची शेड काढून घेतली, नोकरी राहिली. भिंतीवरचा उरलेल्या दिवसांचा फलक उतरला. नियम आला की झाकणाचे स्क्रू तपासनिसाच्या खिशात राहतील. त्याने बघितल्याशिवाय ते कुणाला मिळायचे नाहीत. लोक कुरकुरले, मग सवय झाली. बाईंच्या टेबलावर आधी अण्णा येऊन बसले, मग हळूहळू बाकीचे.

गेलेल्या माणसांचे नातलग कारखान्याच्या माणसाला दारात उभं करत नव्हते. नवे साहेब वकील न घेता एकेका घरी गेले. काही ठिकाणी दार तोंडावर बंद झालं. सहाव्या विमानाची बातमी आल्यावर मात्र अकराजण कारखाना बघायला तयार झाले. त्यांत एक शाळामास्तरीण होत्या, नवरा गमावलेल्या. सगळे यंत्रं बघत असताना त्या म्हणाल्या, "मला ती जागा बघायची आहे."

साहेबांनी आरसेबाईंकडे बघितलं. बाई त्यांना शिडीवर घेऊन गेल्या. आरसा त्यांच्या हातात दिला, तो कसा धरायचा ते दाखवलं आणि स्वतः बॅटरी मारली.

"एवढीशी?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"एवढीशीच."

बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग आरशातून नजर न काढता त्यांनी विचारलं, "त्या कागदावर शिक्का तुमचा होता?"

"नाही. पण तसाच शिक्का मी सात वेळा मारलाय. माझी विमानं पडली नाहीत, एवढाच फरक."

"मी माफ करायला आलेली नाही इथे."

"माफी मागायला मला तोंड नाही."

मास्तरीणबाईंनी आरसा परत दिला. खाली उतरताना त्यांचा पाय जरा अडखळला, तेव्हा त्यांनी बाईंचा हात धरला आणि शेवटच्या पायरीपर्यंत धरून ठेवला.

पाच महिन्यांनी बाईंना शिक्का परत मिळाला. साहेब पुरती दोन वर्षंही टिकले नाहीत. मालकमंडळींना विमानं भराभर हवी होती, आणि लोकांचा विश्वास काही भराभर परत येत नव्हता. शेवटच्या दिवशी साहेब शेडमध्ये सगळ्यांना भेटत फिरले. आरसेबाई एका पंखाखाली होत्या.

"बाई, एक विचारायचं राहिलं," मान वाकडी करून ते म्हणाले. "त्या दिवशी मी तुम्हाला काढून टाकलं असतं तर?"

"मी कपाट रिकामं करूनच वर आले होते साहेब. डबा, चपला, सगळं पिशवीत. पिशवी तुमच्या चिटणीस मुलीच्या टेबलाखाली होती."

"म्हणजे मी शिडीवरून जे बोललो, त्यावर तुमचा विश्वास नव्हता?"

"तेव्हा कुठला? काडीचाही नव्हता," बाई म्हणाल्या.

साहेब मोठ्याने हसले. आसपासच्या चारजणांनी वळून बघितलं. मग त्यांनी हात पुढे केला. बाईंनी ग्रीसने माखलेला आपला हात आधी फडक्याला पुसला आणि मग दिला.